केवळ आयव्हीएफ, की सोबत ॲक्युपंक्चरही?

काणकोण-पेडण्याहून आयव्हीएफसाठी (टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारासाठी) पणजी-मडगावला खेपा घालणाऱ्या जोडप्यांना, सोबत ॲक्युपंक्चरही (शरीरात बारीक सुया टोचण्याचा उपचार) घ्यावे का, हा प्रश्न पडतोच. २००२ साली जर्मनीतील १६० स्त्रियांच्या अभ्यासात सुया घेतलेल्यांपैकी ४२.५ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी २६.३ टक्के स्त्रियांना गर्भधारणा झाली आणि अनेकांची आशा वाढली. मात्र २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ८४८ स्त्रियांच्या चाचणीत खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात १८.३ टक्के आणि नकली सुयांच्या गटात १७.८ टक्के स्त्रियांना मूल झाले. हा फरक नगण्यच आहे. त्यामुळे केवळ आयव्हीएफ घेणाऱ्या स्त्रीने आपण प्रयत्नांत उणे पडलो असे मुळीच मानू नये. सुयांनी मनाला स्वस्थता लाभत असेल, तर डॉक्टरांना सांगून, निर्जंतुक सुया वापरणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडे अवश्य जावे; पण आयव्हीएफच्या पुढच्या फेरीसाठी राखलेले पैसे त्यात खर्चू नयेत.