अकॅडमीला द्यायचं की शाळेनंच चालवायचं? सोलापुरातल्या शाळेसाठी क्रिकेटचा हिशेब

विजापूर रोडवरच्या एका शाळेच्या समितीत माझा जुना दोस्त आहे. एके काळी आम्ही पार्क मैदानावर एकाच क्लबकडून खेळायचो. तो ओपनिंगला यायचा, मी बहुतेक वेळा बारावा, म्हणजे पाण्याची बाटली घेऊन. जूनमध्ये त्याचा फोन आला. "एका अकॅडमीनं प्रस्ताव दिलाय. कोच त्यांचा, नेट त्यांचं, मैदान आपलं. पालकांकडून महिन्याची फी घेणार. शाळेला खर्च शून्य. सही करू का रे?"

मी म्हटलं, थांब. आधी मुलं मोजू, मग चेंडू मोजू, सहीचं मग बघू.

त्या दिवसापासून दोन-तीन शाळांनी मला हाच प्रश्न विचारलाय, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. शाळेपुढे मार्ग तीन. अकॅडमीशी करार, शाळेचा स्वतःचा कार्यक्रम, आणि तिसरा म्हणजे आज बहुतेक शाळा करतात तो: जिल्हा स्पर्धेचं पत्र आलं की पीटीचे सर वर्गावर्गांत फिरून "लेदर बॉलवर कोण खेळलंय?" विचारतात, चौदा-पंधरा पोरं गोळा करतात, आठवडाभर सराव घेतात आणि पहिल्या सामन्यात हरून परत येतात. या तिसऱ्या मार्गाला मी कार्यक्रम म्हणत नाही. फार तर बसचं भाडं म्हणेन.

चेंडू मोजायचे म्हणजे काय

एक नेट, म्हणजे जाळी लावलेली सरावाची पट्टी, वीस मुलं, दीड तास. पंधरा मिनिटं धावणं आणि व्यायामात गेली. उरलेल्या पंचाहत्तर मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला पावणेचार मिनिटं येतात. चार बॉलर आलटून पालटून टाकत असतील तर मिनिटाला पाचेक चेंडू पडतात. म्हणजे एका मुलाला दिवसाला अठरा-एकोणीस चेंडू, जेमतेम तीन ओव्हर. उरलेला सगळा वेळ तो नेटमागे उभा राहून आपला नंबर कधी येतोय हे बघतो. अकॅडमीत तीन नेट असली आणि मुलं साठ असली तरी उत्तर तेच येतं. प्रस्तावात "अनुभवी कोच, तीन नेट" असं लिहिलेलं असतं, एका नेटवर किती मुलं हे लिहिलेलं नसतं. ते विचारायचं.

आता तीच वीस मुलं चार-चारच्या पाच टोळ्यांत वाटा. प्रत्येक टोळीला जुने टेनिस बॉल आणि एक बॅट द्या. एकानं खेळायचं, एकानं खालून हातानं टाकायचं, दोघांनी अडवायचं, दहा मिनिटांनी बदली. चाळीस मिनिटांत प्रत्येक मुलाचे पन्नासेक चेंडू होतात आणि याला नेट लागत नाही. पुढे पाय टाकून सरळ बॅटनं खेळायला पाचवी-सहावीतलं पोर असंच शिकतं. हे पीटीच्या सरांना जमतं, आणि त्याला शाळेचा खर्च काही डझन टेनिस बॉलांचा.

म्हणून माझा कल सांगून टाकतो. सातवीपर्यंत शाळेचंच. आठवीपासून लेदर, आणि तिथे बाहेरचा कोच हवा, पण शाळेनं पगार देऊन आणलेला. शाळेनं मैदान देऊन पोसलेला नको.

अकॅडमीचं चांगलं आणि वाईट

अकॅडमीवर मी उगाच खार खात नाही. चांगल्या कोचला जे दिसतं ते सरांना दिसत नाही. बॉलरचा पुढचा पाय कुठे पडतो, बॅटची पकड कुठे बिघडलीय, हे ओळखायला वर्षं जातात. वेगवान बॉलरच्या पाठीची काळजी हाही मोठा मुद्दा आहे. वाढत्या वयात जास्त ओव्हर टाकल्या की कमरेच्या मणक्याला बारीक तडा जातो आणि पोरगं आठ-दहा महिने घरी बसतं. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची मार्गदर्शिका बरीच वर्षं 13 वर्षांखालच्या वेगवान बॉलरला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, 5 आणि दिवसाला 10 ओव्हरच टाकू देत असे. आपल्याकडे चौदाचा एखादा उंच पोरगा सकाळी नेटमध्ये तासभर टाकतो, दुपारी सामन्यात टाकतो, संध्याकाळी गल्लीत टाकतो. चांगला कोच ही मोजदाद ठेवतो. तुमच्या प्रस्तावातला कोच ठेवतो का, ते विचारा. वही दाखवत असेल तर माणूस कामाचा.

वाईट बाजू फीची. फी हजाराच्या घरात असली तरी आपल्या पूर्व भागातल्या शाळेत, जिथे बाप यंत्रमागावर आणि आई विड्या वळते, तिथे वर्गातली दोनच पोरं फी भरतील. ती दोघं चांगली खेळतात म्हणून येत नाहीत, परवडतं म्हणून येतात. मग मैदान शाळेचं आणि त्यावर खेळणारी मुलं बाहेरची. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पन्नास मुलं, त्यात शाळेची सात. रविवारी शाळेला स्वतःचा सामना घ्यायचा होता, तर मुख्याध्यापकांना अकॅडमीच्या माणसाला फोन करून विचारावं लागलं. करारात रविवारचा शब्दही नव्हता.

सही करायचीच असेल तर तीन गोष्टी लिहून घ्या: शाळेची किती मुलं बिनफीची, मैदान कोणत्या वारी कोणाचं, आणि एका नेटवर जास्तीत जास्त किती मुलं. तोंडी "ते बघू की हो" चालणार नाही.

विकेट: इथे पाणी ठरवतं

विकेट म्हणजे खेळपट्टी. ती टर्फची (माती-गवताची), मॅटची की सिमेंटची, हा वाद पुण्या-मुंबईत वेगळा आणि सोलापुरात वेगळा. टर्फला रोज पाणी, रोज रोलर आणि राबणारा माळी लागतो. ज्या शहरात वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळ येतो, तिथे शाळेनं पाण्याचा टँकर विकेटवर ओतला तर पालक उद्या मोर्चा काढतील, आणि बरोबरच काढतील. टर्फ पार्क स्टेडियमवर आहे, जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना तिथेच झाला. तिथे वर्षातून चार सामने मिळाले तरी शाळेला पुष्कळ.

राहिले मॅट आणि सिमेंट. नुसती काथ्याची मॅट स्वस्त पडते, पण खाली काय आहे त्यावर सगळं अवलंबून. आपली काळी माती पावसात चिखल होते आणि एप्रिलमध्ये तिच्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर मॅट टाकली तर चेंडू एकदा घोट्याला आणि एकदा हनुवटीला. मुरूम टाकून, ओला असताना दाबून घेतलेला पट्टा हवा, आणि मॅट दर वेळी ताणून खिळे मारायला दोन माणसं हवीत. सैल मॅटवर लेदर बॉल खेळवणं म्हणजे दात पाडायला आमंत्रण. सिमेंटचा पट्टा करून त्यावर मॅट टाकली तर उसळी सारखी राहते, पावसाळ्यातही लवकर सुकते, देखभाल जवळजवळ नाही. फक्त बॉलरची धाव आणि पाय पडायची जागा मातीचीच ठेवा, सिमेंटवर आदळून गुडघे जातात. मॅटवर चेंडू जास्त उसळतो आणि वळतो, त्यामुळे मॅटवर वाढलेलं पोर टर्फवर गेलं की खाली राहिलेल्या चेंडूवर पायचीत होतं. हा दोष आहेच. त्यावर उपाय म्हणजे ते पार्कवरचे चार सामने.

मी शाळेला सिमेंटवर मॅट सांगतो. मैदान भाड्याचं किंवा ट्रस्टच्या वादातलं असेल तर मुरुमावर मॅट, म्हणजे उद्या उचलून नेता येते.

सामान

इथे थोडक्यात आटपतो. तेरा वर्षांखालच्या मुलांना 156 ते 163 ग्रॅमचा मोठ्यांचा चेंडू देऊ नका, त्यांच्यासाठी 133 ते 144 ग्रॅमचा लहान चेंडू असतो. मोठ्या भावाची फुल साइज बॅट घेऊन आलेल्या सहावीतल्या पोराच्या हाती शाळेची पाच किंवा सहा नंबरची द्या. जड बॅटनं तो आयुष्यभर आडवाच मारेल. हेल्मेटवर बीएस 7928:2013 हा शिक्का बघून घ्या, नुसती जाळी लावलेली टोपी नको. पॅडची एक जोडी डावखुऱ्यांसाठी. पोटाखालचा गार्ड मात्र ज्याचा त्याचा, तो शाळेच्या पेटीत नसावा. का, ते सांगायला लागू नये.

सामने कुठून आणायचे

शालेय स्पर्धेचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. तालुका किंवा शहर, मग जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. पण स्पर्धा बाद पद्धतीची. बत्तीस संघ असतील तर सोळा संघ पहिल्याच दिवशी घरी. वर्षभराच्या सरावाला एक सामना, त्यात सातव्या नंबरच्या पोराला बॅटिंग मिळेलच असं नाही. मुंबईत हॅरिस शील्डसारखी शंभराहून जास्त वर्षांची शालेय परंपरा आहे, तिथे मुलगा दिवसभर बॅटिंग करायला शिकतो. 1988 मध्ये सचिन आणि कांबळीनं 664 ची भागीदारी केली ती याच स्पर्धेत. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, म्हणून सामने शाळेनंच उभे करायचे. जवळच्या चार शाळांनी ठरवून दर रविवारी एक, साखळी पद्धतीनं. हे अकॅडमीशी करार करून होत नाही. अकॅडमी आपली मुलं दुसऱ्या अकॅडमीशी खेळवते, शाळेच्या नावानं नव्हे.

वेळापत्रकातही गंमत आहे. शालेय स्पर्धा साधारण पावसाळ्याच्या सुमाराला सुरू होतात, तेव्हा मैदानात पाय रुततो. आपली खरी सरावाची वेळ दिवाळी ते शिवरात्र. पुढे ऊन असं तापतं की साडेआठनंतर पोरांना मैदानात ठेवणं हा गुन्हा. म्हणजे पुढच्या ऑगस्टचा संघ या नोव्हेंबरात बनतो. त्यात संक्रांतीला होम मैदानावर सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरला की ते मैदान काही आठवडे विसरायचं, जानेवारीचे सामने आधीच दुसरीकडे ठरवा.

पुढे जाणारं एखादं पोर

समितीतले लोक मला हमखास विचारतात, "आपल्यातून कोणी मोठा होईल का?" सोलापूरच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात पॉली उम्रीगरांचं नाव निघतं. 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223, कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक. नाव घेऊन झालं की पाहुणे नारळ घेऊन जातात आणि मैदानात गवत तसंच राहतं. अलीकडचा अर्शिन कुलकर्णी सोलापूरचाच. 2024 च्या 19 वर्षांखालच्या विश्वचषकात त्यानं अमेरिकेविरुद्ध शतक ठोकलं. पण त्यालाही सरावासाठी पुणं गाठावं लागलं. शाळेचा कार्यक्रम खेळाडूला भारतापर्यंत नेत नाही. तो त्याला पुण्याच्या निवड चाचणीत बावरू न देण्याइतका तयार करतो, एवढंच त्याचं काम.

त्या चाचणीसाठी एक कागदाचं काम आजच करून ठेवा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख आणि महापालिकेचा जन्मदाखला जुळतो का बघा. लहान वयोगटात भारतीय क्रिकेट मंडळ मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वयही तपासतं. पहिलीत प्रवेश मिळावा म्हणून फिरवलेली तारीख नववीत मुलाच्या मुळावर येते.

मुलींचं वेगळं सांगायला नको असं पूर्वी वाटायचं, पण सांगावं लागतं. किरण नवगिरे आपल्या जिल्ह्यातली, माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. ती आधी भालाफेक करायची, भारताकडून टी-ट्वेंटी खेळली 2022 मध्ये. म्हणजे तुमच्या शाळेत गोळाफेकीत पहिली येणारी मुलगी आहे ना, तिला आधी बॅट द्या. अकॅडमीच्या साठ मुलांत दोन मुली असतात आणि महिन्याभरात त्या दिसेनाशा होतात. शाळेच्या तासात, शाळेच्या गणवेशात, बाई मैदानावर उभ्या असताना पंधरा मुली खेळतात. या एका बाबतीत मला दोन्ही मार्गांची तुलना करावीशीच वाटत नाही.

दोस्तानं शेवटी सही केली नाही. अकॅडमीतल्याच एका तरुण कोचला शाळेनं मंगळवार, गुरुवार आणि शनिवार मानधनावर बोलावलं, आठवीच्या वरच्या मुलांसाठी. खालचे वर्ग पीटीच्या सरांकडे, टेनिस बॉलवर. पैसे माजी विद्यार्थ्यांनी दिले, सगळे नाही, अकरा जणांनी. सिमेंटचा पट्टा गणपतीनंतर ओतायचा ठरलाय. रोलर कुठून आणायचा यावर अजून भांडण चाललंय.