टोपी गाडीला घालायची होती

कन्व्हर्टिबलचा, म्हणजे छत उघडता येणाऱ्या गाडीचा, कापडी टप बदलायला गाडी कुठे टाकणार असाल, तर टाकण्याआधी दहा मिनिटं काढून हे वाचा. मी गाडीला टोपी घालायला गेले आणि कारागिराने ती मलाच घातली. हा विनोद नवऱ्याचा. पहिल्या दिवशी ऐकला तेव्हा डोकं फिरलं होतं, आता मीच सांगत फिरते.

गाडी मझदा एमएक्स-५, १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीतली, बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे वर येतात ती. हिचा मूळ टप रेक्झिनचा आणि मागची खिडकी पारदर्शक प्लास्टिकची, भोवती झिप असलेली. टप खाली करण्याआधी झिप उघडून खिडकी आडवी पसरून ठेवायची, नाहीतर तिला घडी पडते आणि थंडीत त्याच घडीवर ती तडकते. माझी खिडकी पिवळी पडून इतकी धुरकट झाली होती की आरशात मागची गाडी दिसायची नाही, फक्त मागे काहीतरी आहे एवढं कळायचं. एका कोपऱ्याची शिवणही उसवली होती. टप बदलायचाच होता. १९९८ च्या दुसऱ्या पिढीपासून या गाडीला मागे खरी काच आली आणि तो काचेचा टप जुन्या सांगाड्यावरही बसतो. तेव्हा ठरवलं, आता काचच घ्यायची आणि रेक्झिनऐवजी कापड.

ज्याच्याकडे गेले तो माणूस अडाणी नव्हता, हे आधी सांगते. अडाणी असता तर मी फसले नसते. त्याने व्हिजिटिंग कार्डाएवढा नमुन्याचा तुकडा माझ्या हातात दिला आणि कडेने बघायला सांगितलं. वर अॅक्रिलिकचं विणलेलं कापड, खाली अस्तर आणि दोन्हीच्या मधोमध काळी बारीक रेघ, पेन्सिलीतल्या शिशासारखी. ही रेघ म्हणजे ब्युटाइल रबर. पाणी अडतं ते तिथे, वरच्या कापडात नव्हे. हे त्याने मला समजावलं आणि त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. अॅक्रिलिकचा धागा बनतानाच त्यात रंग मिसळलेला असतो, म्हणून उन्हात लवकर विटत नाही, हेही बरोबर. स्टेफास्ट, सोनेनलांड ही कापडांची नावं त्याच्या जिभेवर खेळत होती. मग म्हणाला, "ताई, तुम्हाला ओरिजिनल मोहेर लावून देतो." इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीची लोकर. आज टपाच्या कापडाला मोहेर म्हणतात ते जुन्या सवयीने, माल अॅक्रिलिकचाच असतो. हा फरक त्याला नक्की माहीत होता, आणि मला माहीत नाही हे त्याने त्या एका वाक्यात चाचपून घेतलं.

माल मागवावा लागतो म्हणून बरीचशी रक्कम आधीच घेतली. यात गैर काही नाही, सगळेच घेतात. पावतीवर लिहिलं होतं: "सॉफ्ट टॉप, काळा, काचेसह, फिटिंग धरून." बस्स. कापड कोणतं, थर किती, मागची पन्हाळ नवी की जुनीच, एक अक्षर नाही. मी ती पावती वाचून, घडी घालून पर्समध्ये ठेवली. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

गाडी ताब्यात मिळाली ती संध्याकाळी, वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली, टप बंद. काळं ते काळंच दिसतं. टप ढोलासारखा ताणलेला, काच चकचकीत, मी खूश. उरलेले पैसे दिले आणि त्याने तीन सूचना दिल्या. आठ दिवस टप उघडू नका, नवा असतो, ताण बसू द्या. तोवर पाणी मारू नका, डिंक वाळू द्या. आणि सुरुवातीला पुढच्या बाजूने चार थेंब आले तर घाबरू नका, रबर बसायला वेळ लागतो.

या तीन सूचनांसाठीच मी हे लिहायला बसले आहे. तिन्ही खऱ्या आहेत. कुठलाही चांगला कारागीर हेच सांगेल. नवा टप खरंच काही दिवस बंद ठेवतात, नाहीतर ताण बसायच्या आत घड्या बसतात. पण तेच बोलणं वापरून त्याने माझे डोळे बांधले. उघडू नका, म्हणजे आत काय केलंय ते दिसणार नाही. पाणी मारू नका, म्हणजे गळती कळणार नाही. आणि गळलाच, तर त्याचं उत्तर मला आधीच देऊन ठेवलेलं.

पहिली शंका आली ती वासाने. गाडी उन्हात उभी होती, दार उघडलं तर नव्या दप्तरासारखा वास. कापडाला असा वास कशाला येईल? पण सगळं नवंच आहे म्हणून सोडून दिलं. मग एकदा भुरभुर पाऊस आला. कापड भिजलं की रंगाने गडद होतं, आपला साधा शर्टही होतो. नव्या टपाच्या कापडावर सुरुवातीला थेंब मोत्यासारखे उभे राहतात, तरी धार लागली की ते ओलं दिसतंच. माझा टप कोरडा असताना जसा होता तसाच दिसत राहिला. पाणी रेनकोटवरून घसरावं तसं घसरत होतं. आणि मी मूर्खासारखी कौतुक करत होते, काय वॉटरप्रूफ माल आहे!

खरा पाऊस झाला त्या दिवशी सीटच्या मागच्या कार्पेटवर हात ठेवला, तर खालच्या फोममधून पाणी बोटांभोवती वर आलं. फोन केला. "ताई, रबर बसतंय." पुन्हा भिजलं, पुन्हा फोन. "अजून थोडे दिवस." तिसऱ्यांदा म्हणाला गाडी घेऊन या, गेले, त्याने पुढच्या रबराला काहीतरी पांढरी पावडर चोळली आणि झालं म्हणाला. गळत होतं मागून, चोळलं पुढे. त्याने तोंडी दिलेली एक महिन्याची गॅरंटी या सगळ्यात रबराबरोबर हळूच बसून गेली.

शेवटी एका रविवारी मी स्वतःच सीटमागच्या कट्ट्यावरचं कार्पेट उचकटलं. हे काम कोणालाही जमतं, प्लास्टिकच्या क्लिपा आहेत. खाली टपाची मागची कड गाडीच्या अंगाला तीन पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेली असते, पट्ट्यांना दहा मिलिमीटरचे नट. दोन नट बोटाने फिरले. एक नव्हताच.

त्या पट्ट्यांखाली असते ती पन्हाळ. या गाडीत ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. टपावरून मागे उतरलेलं पाणी ही प्लास्टिकची पन्हाळ झेलते आणि दोन्ही कोपऱ्यांत नेऊन सोडते. तिथे सीटबेल्टच्या खांबाजवळ एकेक भोक असतं, त्यातून पाणी नळीवाटे गाडीच्या खाली जातं. पन्हाळ जुनी झाली की कडक होते आणि जुना टप काढताना हमखास तुटते. म्हणून टपाबरोबर नवी घालायची असते. माझी जुनीच होती, उजव्या कोपऱ्यात मोडलेली, आणि मोडलेल्या जागी भिंतीला लिंपावं तसं सिलिकॉन लिंपलेलं. त्याच सिलिकॉनचे गोळे आणि जुन्या टपाच्या चिंध्या खालच्या भोकात पडल्या होत्या. भोक तुंबलं की पाणी वर चढतं आणि मिळेल तिकडे जातं: थोडं कार्पेटमध्ये, थोडं दाराखालच्या पोकळ उंबऱ्यात. कार्पेट वाळवता येतं. उंबरा आतून गंजतो आणि बाहेरून रंगाला फुगे येईपर्यंत पत्ता लागत नाही.

मग कापड. पट्टीखाली टपाची जास्तीची कड दुमडलेली होती, ती बोटभर कात्रीने कापली. नमुन्याचा तुकडा मी जपून ठेवला होता, माझा एवढा एकच शहाणपणा. दोन्ही कडा शेजारी धरल्या. नमुन्यात काळी रेघ होती. माझ्या टपात पांढरी जाळीदार पाठ आणि तिच्यावर काळा पापुद्रा, नखाने उचलला तर निघून आला. त्या पापुद्र्यावर कापडाची वीण ठसा मारून उमटवलेली. रेक्झिन! तेही पातळ.

एक सांगते, रेक्झिन म्हणून ते वाईट नसतं. गाडी कारखान्यातून रेक्झिन घालूनच आली होती आणि तो टप वर्षानुवर्षं टिकला. पुसायला सोपं, पाणी पीत नाही, स्वस्त. मला रेक्झिन हवं असतं तर मी रेक्झिनचे पैसे देऊन घेतलं असतं. बाजूच्या केबलमध्येही अशीच फसवणूक. दाराच्या काचांवर टपाची कड ताणून धरायला दोन्ही बाजूंना शिवणीत एकेक बारीक तार असते. माझ्या टपात डावीकडची होती, उजवीकडची नव्हती. वेगात उजवी बाजू फडफडायची ती म्हणून, आणि मी खिडकीच्या रबराला दोष देत होते.

दोन्ही तुकडे घेऊन गेले. तो चिडला नाही, उलट खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, कापड ठरलं होतं. म्हणाला, "ताई, हे कापडच आहे. रेक्झिनच्या पाठीला कापड असतंच ना." मी म्हटलं, मोहेर म्हणाला होतात. "मोहेर टाइप म्हणालो होतो. पावतीत कुठे लिहिलंय का, बघा." पन्हाळीचं विचारलं तर, "ती टपात येत नाही, वेगळी घ्यावी लागते." हेही काही अंशी खरंच, काही संच पन्हाळीसह येतात, काही बिनपन्हाळीचे. जुनी पन्हाळ मोडलेली दिसल्यावर मला फोन का केला नाही, याला मात्र तो नुसता हसला. पैसे परत मिळाले नाहीत. सिलिकॉन पुन्हा मारून देतो म्हणाला, तेवढ्यावर मी उठले.

दुसऱ्या कारागिराने टपाला हात लावण्याआधी ग्लासभर पाणी घेतलं आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांत ओतून गाडीखाली वाकून बघितलं. उजवीकडे काहीच आलं नाही. "आधी हे," म्हणाला. मला वाटतं, कारागीर पारखायची याहून सोपी परीक्षा नाही: तुमचा टप गळतो म्हटल्यावर तो पहिल्यांदा कुठे बघतो. त्याला कापडाचं नाव, तीन थर, नवी पन्हाळ, दोन्ही केबल, सगळं पावतीवर लिहायला मीच लावलं आणि त्याने न कुरकुरता लिहिलं. आलेला माल गाडीला लावायच्या आधी मला बोलावून दाखवला, कापलेली कड माझ्या बाजूला करून. पुढच्या पट्टीला डिंक लावला तो कापडाला आणि पत्र्याला, दोन्हीकडे, आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबला. जोडायची घाई केली नाही. टप उन्हात ठेवून मऊ करून मग ओढला.

आठ दिवस उघडू नका, हे त्यानेही सांगितलं. फक्त ते सांगण्याआधी पट्ट्यांचे नट आणि पन्हाळ मला दाखवून, मगच कार्पेट बसवलं. डिंक वाळल्यावर पाण्याची परीक्षाही माझ्यासमोर. मी आत टॉर्च घेऊन बसले आणि त्याने बाहेरून पाइप धरला: आधी खालची कड, मग काचेची चौकट, मग शिवणी, सगळ्यात शेवटी वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. जुना टप, मोडकी पन्हाळ आणि कापलेल्या कडांच्या चिंध्या त्याने न मागता पिशवीत घालून दिल्या. पहिल्याकडे मी मूळचा टप परत मागितला होता, तेव्हा "भंगारात गेला" असं उत्तर मिळालं होतं.

त्या पिशवीतले दोन तुकडे आता डॅशबोर्डच्या खणात असतात, एक खऱ्या कापडाचा, एक रेक्झिनचा. गाडी बघून कोणी टपाबद्दल विचारलं की मी दोन्ही हातावर ठेवते आणि यातलं कापड कोणतं ते विचारते. बहुतेक जण रेक्झिनच उचलतात. त्याची वीण जास्त ठळक दिसते.