शतावरी किती वर्षांची, हे सांगणारे दुकान

मुलीचे बाळंतपण आमच्या नौपाड्याच्या घरी व्हायचे ठरले, तेव्हा वैद्यांनी लिहून दिलेले बाळंतकाढ्याचे साहित्य आणि शतावरी आणण्याचे काम माझ्याकडे आले. कनिष्ठ महाविद्यालयात 27 वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे मुळी घेताना ती कोणत्या वनस्पतीची आहे एवढ्यावर माझे समाधान होत नाही. ती किती वयाच्या झाडाची आणि कोणत्या महिन्यात काढलेली, हेही मी विचारते. बहुतेक दुकानांत या प्रश्नाला ‘माल एक नंबर आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ठाण्याच्या जांभळी नाक्याजवळच्या बाजारपेठेतील एका जुन्या काष्ठौषधी दुकानात मात्र मला प्रत्येक वेळी उत्तर मिळाले, आणि जेथे त्यांना ठाऊक नव्हते तेथे ‘ठाऊक नाही’ असे स्पष्ट सांगण्यात आले. गेल्या डिसेंबरपासून मी तेथे चार वेळा जाऊन आले. दुकानाचे नाव छापू नये अशी मालकांची इच्छा असल्याने ते येथे देत नाही.

दुकान जेमतेम दहा फूट रुंद आहे. खाली गोण्या, वर फडताळात काचेच्या बरण्या, आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेले एक पुठ्ठ्याचे कार्ड. कार्डावर वनस्पतीचे नाव, तिचा कोणता भाग, माल कोठून आला आणि काढणीचा महिना लिहिलेला असतो. शेतात लावलेल्या पिकाचे वयही महिन्यांत दिलेले असते. रानातून गोळा केलेल्या मालाच्या कार्डावर मात्र ‘वय माहीत नाही’ असे तीन शब्द आहेत. या तीन शब्दांसाठी मला हे दुकान विशेष आवडले. जंगलातून आलेल्या मुळीचे वय व्यापाऱ्याला कळणे शक्य नसते. तेथे आकडा लिहिला असता, तर बाकीच्या आकड्यांवरही माझा विश्वास बसला नसता.

सुरुवात शतावरीने करते, कारण मी गेले होते तिच्यासाठी. शतावरीच्या एका झाडाखाली मुळ्यांचा मोठा झुबका असतो, परंतु पहिल्या वर्षी त्या बारीक आणि पाणीदार असतात. लागवडीनंतर साधारण दीड ते दोन वर्षांनी, वेल पिवळी पडू लागली की मुळ्या भरलेल्या मिळतात, आणि चांगला शेतकरी तोपर्यंत थांबतो. ज्याला पैशाची घाई असते तो वर्षभरातच खणतो, आणि तोच माल स्वस्तात बाजारात येतो. शतावरीतील महत्त्वाची द्रव्ये सॅपोनिन या, पाण्यात साबणासारखा फेस देणाऱ्या, गटातील आहेत; त्यांना शतावरिन असे म्हणतात. वनस्पतीला आपल्या मुळांत अशी द्रव्ये आणि अन्नसाठा जमवण्यासाठी वेळ लागतो, म्हणून मुळीचे भरणे हा केवळ वजनाचा प्रश्न नसतो. दुकानातील कार्डावर ‘नाशिक जिल्हा, नोव्हेंबर, 22 महिने’ असे लिहिले होते. मालकांनी एक मुळी हातावर ठेवली. ती मलईच्या रंगाची होती, उभ्या सुरकुत्या पडलेली होती, वरची साल काढलेली होती आणि आतली दोरीसारखी शीरही ओढून घेतलेली होती. ही शीर तशीच राहिली, तर वजन वाढते आणि दळताना तंतू येतात. म्हणून ती काढलेली आहे की नाही, हे ग्राहकाने अवश्य पाहावे. घरी थोडे चूर्ण पाण्यात घालून बाटली हलवली तेव्हा दाट फेस आला आणि बराच वेळ टिकला. सॅपोनिनची ही खूण ढोबळ आहे, तिच्यावरून प्रमाण कळत नाही, तरी पूर्वी एका दुकानातून आणलेल्या चूर्णाला जवळजवळ फेसच आला नव्हता, हे मला आठवले.

अश्वगंधेच्या गोणीपाशी मात्र आमचा थोडा वाद झाला. तेथे दोन प्रतीचा माल होता आणि जाड मुळ्यांचा भाव बारीक मुळ्यांच्या दीडपट होता. मालकांचा मुलगा मला म्हणाला, “काकू, झाड जितकं जुनं तितका गुण जास्त.” हे वाक्य तो प्रत्येक ग्राहकाला सांगत असावा आणि ते मुळातच चुकीचे आहे. अश्वगंधा हे पावसाळ्यात पेरायचे आणि साधारण पाच ते सहा महिन्यांनी, पाने सुकू लागली व फळे तांबडी झाली की उपटायचे पीक आहे. मध्य प्रदेशातील नीमच आणि मंदसौर या भागांतून देशभर जाणारा माल जानेवारी ते मार्च या काळात निघतो. त्याआधी उपटल्यास मुळी भरलेली नसते. त्यानंतर फार काळ जमिनीत राहिल्यास ती निबर होते, तिच्यात काष्ठतंतू वाढतात आणि तोललेल्या प्रत्येक ग्रॅममध्ये लाकडाचा वाटा वाढत जातो. म्हणजे जाड मुळी चांगली खरी, पण ती पिठाने भरून जाड झालेली असावी, लाकूड होऊन नव्हे. हे ओळखण्याची रीत भेंडी घेताना शेंडा मोडून पाहणाऱ्या कोणत्याही गृहिणीला कळेल अशी आहे. चांगली अश्वगंधा कटकन तुटते आणि आत पांढरीशुभ्र, पिठूळ दिसते. निबर मुळी वाकते, फाटते आणि तिचे तंतू लोंबतात. मी दोन्ही प्रतींतील मुळ्या मोडून पाहिल्या, त्यांनी मोडू दिल्या, आणि महाग माल खरोखरच पिठूळ निघाला. मुलाचे वाक्य चुकीचे असले, तरी त्याच्या वडिलांची निवड बरोबर होती.

याच ठिकाणी एक इशारा द्यावासा वाटतो. अश्वगंधेची गुणवत्ता हल्ली विथॅनोलाइड या द्रव्यांच्या टक्केवारीवरून सांगितली जाते. यांपैकी विथाफेरिन-ए हे द्रव्य पानांत मुळांपेक्षा पुष्कळ जास्त असते. त्यामुळे मुळीच्या चूर्णात पाने मिसळली, तर अहवालावरील आकडा वाढतो आणि औषध मात्र परंपरेने वापरलेले ते राहत नाही. आयुष मंत्रालयाने 2021 साली उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना केली, ती याच प्रकारामुळे. म्हणून पाकिटावरील टक्केवारीपेक्षा अखंड मुळी हातात घेऊन मोडून पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते, आणि हे दुकान अश्वगंधा फक्त अखंडच विकते.

झाडाचे वय आणि द्रव्य यांचे नाते प्रत्येक वनस्पतीत वेगळे असते, हे त्या मुलाला मी काउंटरपाशी उभी राहून सांगितले आणि त्याने ते मनापासून ऐकले. चंदनात तेल असते ते गाभ्याच्या लाकडात, आणि तो गाभा धरायलाच कित्येक वर्षे लागतात. तेथे ‘जुने ते चांगले’ हे म्हणणे खरे आहे. जिनसेंगची मुळी चार ते सहा वर्षांनी काढतात. परंतु मलेरियावरचे आर्टेमिसिनिन ज्या वनस्पतीतून मिळते आणि ज्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले, ती वर्षायू वनस्पती फुलोऱ्याच्या सुमारासच कापावी लागते, कारण नंतर पानांतील द्रव्य कमी होते. पुदिन्याच्या कुळातील पेपरमिंटमध्ये तर झाडाच्या वयापेक्षा पानाचे वय निर्णायक असते: कोवळ्या पानात मेन्थोन जास्त असते आणि पान जून होत जाते तसे त्याचे मेन्थॉलमध्ये रूपांतर होते. एकाच फांदीवरील शेंड्याचे पान आणि बुडाचे पान यांचे रसायन अशा प्रकारे निराळे असते. वनस्पती ही द्रव्ये आपल्यासाठी बनवत नाही. कीड, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून बचाव करण्यासाठी बनवते, आणि जो भाग ज्या वयात जपायचा असतो तेथे ती जास्त साठवते. मराठीत कोवळे, जून आणि निबर असे तीन निराळे शब्द आहेत. औषधी विकणाऱ्याने वर्षांपेक्षा या तीन शब्दांत उत्तर दिले तरी पुरे.

गुळवेलीबाबत दुकानाची पद्धत मला सर्वांत चांगली वाटली. त्यांच्याकडे वाळलेल्या चकत्या आहेतच, पण सोमवारी आणि गुरुवारी शहापूरकडून ओली गुळवेल येते. येऊरचे जंगल ठाण्याला लागून असले, तरी ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि तेथून काही तोडून आणणे कायद्याला धरून नाही, याची मालकांना जाणीव आहे. शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनोपजासाठीच्या सरकारी योजनेतील वनधन केंद्राच्या आधाराने गुळवेलीचा व्यवसाय उभा केला, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला अभिमानाची आहे. वेल अंगठ्याएवढी जाड असावी, असा जुना दंडक आहे आणि आयुर्वेदाच्या सरकारी औषधकोशातही पक्व खोडाचाच उल्लेख आहे. आडवी कापल्यावर आत चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात आणि वरचे कागदासारखे पातळ साल सहज सुटते, अशीच वेल मला मिळाली. करंगळीएवढ्या हिरव्या काड्या जुडीत मिसळलेल्या आढळल्या, त्या त्यांनी न सांगता बाजूला काढून पुन्हा वजन केले. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ज्या औषधी नेहमी ओल्याच वापराव्यात असे सांगितले आहे त्यांत गुळवेल, अडुळसा, शतावरी आणि अश्वगंधा या चारही येतात. शहरात शेवटच्या दोन ओल्या मिळणे कठीण आहे, पण पहिल्या दोन येथे मिळतात.

दशमुळाविषयी, म्हणजे दहा वनस्पतींच्या मुळांच्या मिश्रणाविषयी, फारसे लिहिण्यासारखे नाही. बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि ऐरण या मोठ्या झाडांची मुळे काढायची म्हणजे झाडच जाते, आणि कार्डावर तेच तीन शब्द होते. मी अर्धा किलोऐवजी वैद्यांनी सांगितले होते नेमके तेवढेच घेतले.

उणी बाजू चूर्णांची आहे. मुळ्यांच्या बरण्यांवर काढणीचा महिना असतो, परंतु दळून ठेवलेल्या पुड्यांवर दळल्याची तारीख नसते. शार्ङ्गधरांनीच चूर्णाचे वीर्य, म्हणजे औषधी शक्ती, दोन महिन्यांनंतर कमी होते असे म्हटले आहे, आणि पृष्ठभाग वाढल्यामुळे हवा व ओलावा लागून द्रव्ये लवकर बिघडतात, हे आजचे रसायनशास्त्रही सांगते. ठाण्याच्या पावसाळ्यात तर बुरशीचीही भीती असते. ज्यांना झाडाच्या वयाचे एवढे भान आहे, त्यांनी पुडीच्या वयाबाबत गाफील राहावे, हे मला खटकले आणि मी ते मालकांना सांगितले. तिसऱ्या भेटीत पुड्यांवर हाताने लिहिलेल्या तारखा दिसल्या, पण निम्म्याच पुड्यांवर. समोर दळून देण्याची सोय आहे. त्याला अर्धा तास लागतो आणि थोडे पैसे वेगळे द्यावे लागतात. तीच सोय घ्यावी. दुपारी एक ते चार दुकान बंद असते आणि संध्याकाळी नाक्यावरच्या गर्दीत नीट बोलणे होत नाही, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास जावे.

डिसेंबरात मी अश्वगंधा घ्यायला निघाले, तेव्हा मालकांनी स्वतःहून कार्ड माझ्याकडे वळवले. त्यावर ‘फेब्रुवारी’ असे होते, म्हणजे मुळी काढून दहा महिने झाले होते. “बाई, घाई नसेल तर थांबा, नवा माल येईल,” असे ते म्हणाले आणि वहीत माझे नाव लिहून घेतले. चौथ्या खेपेला मी तीच नवी अश्वगंधा घेऊन आले. मोडली तेव्हा तिचा पांढरा भुगा माझ्या हाताला लागला.