मंगल कार्यालयाच्या रजिस्टरात तुमची तारीख पेनने आहे की पेन्सिलने, ते बघून या

मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर लोकांना 'पावती घेतली का', 'सही कुठाय', 'नाव नीट लिहा' एवढंच बोलते. त्यामुळे पुढचं लिहायला लाज वाटते, पण येत्या सीझनला ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

मुलीचं लग्न जुलैत ठरलं आणि मुहूर्त निघाला मार्गशीर्षातला. आम्ही सांगलीचे, मुलाकडचे मिरजेचे. तुळशीचं लग्न झालं की तारखांवर उड्या पडतात, चांगली कार्यालयं वर्षभर आधीच जातात, हे माहीत होतं. पण बैठकच उशिरा झाली, त्याला काय करणार? आठवडाभर सांगली-मिरज रस्त्यावर आणि गावात मिळून सात कार्यालयं पालथी घातली. सगळीकडे नकार. एका ठिकाणी मात्र मॅनेजर म्हणाले, "तारीख कुणीतरी धरून ठेवलीय, आठ दिवसांनी विचारा." हे वाक्य लक्षात ठेवा.

मग माझ्या जावेच्या भावाने एक मुलगा पाठवला. इव्हेंटचं काम करतो, आपल्यातलाच आहे म्हणाला. 'आपल्यातला' म्हटलं की आमचे हे पुढचं काही विचारतच नाहीत. तो आला, चहा घेतला, मोबाईलवर झेंडूच्या तोरणांचे आणि फुलांच्या अंतरपाटाचे फोटो दाखवले आणि नेमकं तेच कार्यालय मिळवून देतो म्हणाला. आमच्यासमोर फोन लावून स्पीकरवर ठेवला. "अण्णा, ती तारीख माझ्याच नावावर राहू दे." पलीकडून, "बरं, राहू दे." मला वाटलं, केवढी वट आहे पोराची!

हॉल, सजावट, 500 ताटं, सनई-चौघडा, फोटो आणि व्हिडिओ, सगळं मिळून 6 लाख 80 हजार. "काकू, तुम्ही फक्त अक्षता घेऊन या."

पहिले 50 हजार यूपीआयने दिले. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव स्क्रीनवर येतं. आलं ते कुठल्याशा बाईचं होतं. मी वाचलं, मनात म्हटलं बायको असेल, आणि पिन टाकला. गणपतीत दीड लाख रोख नेले, कारण "पक्कं बिल घेतलंत तर 18 टक्के जीएसटी बसेल काकू, कशाला उगाच." दसऱ्यानंतर आणखी 75 हजार रोख, आचाऱ्याला उचल द्यायची म्हणून. एका कार्यासाठी एका माणसाकडून 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, हे आमच्या काउंटरवर पाटी लावून लिहिलंय. पण आपल्या पोरीचं लग्न असलं की पाट्या दिसत नाहीत.

पावत्या मिळाल्या होत्या. छान जाड कागदाच्या, वर गणपती. त्या मी नीट वाचल्या त्या सगळं झाल्यावर. वर नाव त्याच्या धंद्याचं, कार्यालयाचं नाव फक्त 'स्थळ' या रकान्यात. कार्याची तारीख या शब्दापुढे नुसती रेघ. आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात 'उपलब्धतेनुसार'. दुसऱ्या कुणाची अशी पावती माझ्या खिडकीतून आत आली असती तर मी तशीच परत सरकवली असती.

लग्नाला पाच आठवडे होते. पत्रिका छापून आल्या होत्या, पहिली पत्रिका आमच्या संस्थानच्या गणपतीपुढे ठेवायला आम्ही दोघं देवळात गेलो. येताना मी म्हटलं, वाटेत कार्यालयात डोकावू, वरपक्षाला खोल्या कुठल्या मिळतात ते बघून घेऊ. सीमांतपूजनाला चौरंग त्यांचा की आपला, हेही विचारायचं होतं. मॅनेजरनी लांबलचक रजिस्टर काढलं, बोट फिरवत आमच्या तारखेवर आले आणि थांबले.

त्या चौकटीत निळ्या पेनने दुसरीच दोन आडनावं होती. खाली पावती क्रमांक, कार्यालयाचा शिक्का. मी चष्मा पुसून वाकून बघितलं तेव्हा निळ्या अक्षरांच्या मागे खोडरबराने पुसलेली पेन्सिल दिसली. त्या पोराचं नाव. आमचं नाव तर तिथे कधी नव्हतंच.

मॅनेजरांनी सांगितलं ते असं. चौकशीला आलेल्याचं नाव पेन्सिलने लिहितात, आठ दिवस धरतात, अनामत भरली की पेनने. हा पोरगा दर आठ दिवसांनी फोन करून तारीख पुढे धरायला लावायचा. मोठ्या मुहूर्तांच्या तारखा दोन-चार कार्यालयांत अशाच फुकट धरून ठेवायच्या आणि आमच्यासारख्या घाईत असलेल्यांना विकायच्या, हा त्याचा धंदा. म्हणजे जुलैत आम्हाला परत पाठवलं ते याच पेन्सिलमुळे! सुरुवातीला तो पैसे खरंच भरत असावा. नंतर एकाच्या लग्नाचे पैसे दुसऱ्याच्या लग्नात फिरवायला लागला आणि आमच्या वेळी साखळी तुटली. एका पार्टीने रोकडा अनामत ठेवल्यावर मॅनेजरनी पेन्सिल पुसली. त्यांचंही काय चुकलं?

त्यानंतर आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. तीन आठवडे गप्प बसलो. व्याह्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील, जाऊबाईंच्या भावाशी वाकडं येईल, केळवणं चालू आहेत, आत्ता नको. त्याला रोज फोन, त्याचं रोज "उद्या नक्की काकू". शेवटी मुलीनेच होणाऱ्या नवऱ्याला सांगून टाकलं आणि व्याही स्वतः ह्यांच्याबरोबर पोलीस स्टेशनला आले. ज्यांची भीती होती तेच.

पहिल्या दिवशी तिथे ऐकायला मिळालं, हा देण्याघेण्याचा वाद आहे, कोर्टात जा. दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहून नेला, दोन प्रती. पावत्या, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं छापून, मॅनेजरांकडून 'या तारखेसाठी अमुक व्यक्तीने कोणतीही रक्कम भरलेली नाही' असं लेखी. आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठले नाही. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे, जुनं 420. अर्जात कलम घालावंच लागतं असं नाही, पण लिहिलं की समोरचा मान वर करून बघतो. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवरही फोन केला होता. ऑनलाइन गेलेले पैसे लगेच कळवले तर पुढे थांबवता येतात, आमचे 50 हजार जाऊन चार महिने होत आले होते.

अर्जानंतर तो घरी आला, पाया पडला आणि एक लाखाचा चेक दिला. परत आला, खात्यात शिल्लक नाही. इथे मात्र माझी नोकरी कामाला आली. बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस जावी लागते, नोटीस मिळाल्यापासून त्याला 15 दिवस, तरी नाही दिले तर त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. यातली एक तारीख चुकली तर अडचण होते. मी कॅलेंडरवर लाल गोल केले होते. बाकीच्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. आपण दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. दोन्हीकडे तारखा चालू आहेत. पैसे अजून आलेले नाहीत.

तर तुम्ही मध्यस्थ खुशाल घ्या, पण कार्यालयाचे पैसे कार्यालयाच्या खात्यातच भरा आणि पावती त्यांच्याच पुस्तकातली घ्या. तीवर कार्याची तारीख आणि हॉल किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत तुमचा, हे लिहून घ्या. आणि रजिस्टर दाखवा म्हणा. दाखवतात. कुणाला राग येत नाही, आपल्यालाच उगाच भीड वाटते.

लग्न त्याच मुहूर्तावर झालं, व्याह्यांच्या ओळखीने एका देवळाच्या सभागृहात, अडीचशे माणसांत. आचारी गावातलाच, मठ्ठा झकास झाला होता. उरलेल्या पत्रिकांवर नव्या स्थळाच्या पट्ट्या चिकटवायला आम्ही चौघं दोन रात्री खळ घेऊन बसलो. आधी वाटलेल्यांना फोन केले. जतकडचे आमचे एक आतेसासरे तेवढे राहिले. ते सरळ जुन्या कार्यालयात गेले, अक्षता टाकल्या, जेवले, तिथल्या नवरदेवाच्या हातात आहेराचं पाकीट दिलं आणि संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाले, "जिलेबी फर्स्टक्लास होती गं, पण नवरी काही ओळखू आली नाही."