केनियाची पक्षी टूर: गाईडला पैकीच्या पैकी, कंपनीला काठावर पास

फेब्रुवारीत केनियाला जाऊन आलो. सांबुरू, नाकुरू, नैवाशा आणि शेवटी मसाई मारा. विमानासकट माणशी चार लाखांच्या वर गेले. आल्यापासून आमच्याकडच्या हतनूर धरणावर पक्षी पाहायला जो भेटतो तो 'जायचं का हो?' हेच विचारतो, म्हणून एकदाच नीट लिहितो. कंपनीचं नाव लिहीत नाही. खाली जे सांगतोय ते कुठल्याही कंपनीला पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं असंच आहे.

जायचं का, तर जायचंच. पण आपल्या गाडीत आणखी कोण बसणार आहे ते आधी लेखी घ्या. आम्हाला टूर विकली ती 'पक्षी व वन्यजीव विशेष' म्हणून. नैरोबीला उतरल्यावर कळलं की गटात दुर्बीण आमच्यासह मोजक्याच जणांकडे. बाकीच्यांना सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस एवढ्या पाचांवर खुणा करून घरी जायचं होतं. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही तेच सांगून आणलं होतं. पण एकाच लँड क्रूझरच्या उघड्या छतातून एक जण रोलरसाठी (आपल्या नीलपंखाच्या जातीचा पक्षी) 'थांबा' म्हणतो आणि दुसरा वायरलेसवर सिंहाची बातमी ऐकून 'चला' म्हणतो, तेव्हा ड्रायव्हरनं करायचं काय? माझा शालकही त्याच पार्टीचा. पहिल्याच सकाळी म्हणाला, "दाजी, एवढे पैसे भरून चिमण्या पाहू राह्यले का तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी मी आणि नाशिकचं एक डॉक्टर जोडपं, आम्ही गाईडशी बोललो. त्यानं काही न बोलता गाड्यांची वाटणी बदलली. कंपनीच्या मॅनेजरनं मुंबईतच करायचं काम सांबुरूच्या गेटवर गाईडनं केलं. तिथून पुढे खरी टूर सुरू झाली.

आता त्या गाईडबद्दल. केनियात गाईड लोकांची परीक्षा असते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. आमचा सिल्व्हर होता. इंजिन बंद करायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि बोट दाखवायचा, तिथे पक्षी असायचाच. पुस्तक उघडायचा ते आमची खात्री पटावी म्हणून. यादी लांबवायची घाई त्याला अजिबात नव्हती. केनियात हजाराहून जास्त जातींचे पक्षी नोंदलेले आहेत, त्यामुळे नुसता आकडा फुगवणं तिथे अवघड नाही. तो मात्र एकेका पक्ष्यापाशी पंधरा-वीस मिनिटं गाडी उभी ठेवायचा.

सांबुरूला आणखी दोन रात्री मिळाल्या असत्या तर बाकीचं थोडं कमी झालेलंही चाललं असतं. कोरडा मुलूख, बाभळी, आणि मधून वाहणारी एवासो न्यीरो नदी. ऊन आपल्या मार्चइतकं, म्हणजे खान्देशातल्या माणसाला काहीच नाही. पुण्याची मंडळी मात्र दुपारी तंबूबाहेर निघेनात. व्हल्चरीन गिनीफाउल या रानकोंबडीसारख्या पक्ष्यांचा थवा नदीकाठी चरत होता. डोकं गिधाडासारखं बोडकं आणि छातीवर असा निळा रंग की फोटोत कुणाला खरा वाटत नाही. सोमाली शहामृगाच्या नराची मान आणि मांड्या निळसर राखाडी असतात, तेही इथेच. गेरेनुक नावाचं लांब मानेचं हरीण मागच्या पायांवर सरळ उभं राहून बाभळीचा पाला ओरबाडत होतं. ते पाहिल्यावर शालकाची गाडीही आमच्या मागे येऊन थांबली. बारीक पट्ट्यांचे ग्रेव्हीज झेब्रे आणि जाळीदार नक्षीचे जिराफही इथले.

एका बाभळीवर चातक दिसला. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येणारे चातक हिवाळा आफ्रिकेत काढतात. पण आफ्रिकेतच राहणारेही चातक आहेत, त्यामुळे हा नेमका कुठला ते गाईडनंही छातीठोक सांगितलं नाही. मला तो आपला वाटला, आणि मी तसंच वहीत लिहिलं.

कोरी बस्टर्ड दिसला तेव्हा मात्र मी बोललोच नाही बराच वेळ. उडणाऱ्या पक्ष्यांतला सगळ्यांत जड म्हणावा असा हा पक्षी. मोठा नर अठरा किलोपर्यंत भरतो. आपला माळढोक याच जातकुळीतला. इकडे माळढोक पाहायचा म्हणजे नशीब लागतं, आणि हा गवतातून रमत गमत चालला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, काय झालं?" काय सांगणार!

रात्री शेकोटीपाशी गाईडनं मला माझ्या गावाकडचं विचारलं. यावलचं जंगल जवळ आहे म्हटल्यावर त्यानंच रानपिंगळा या छोट्या घुबडाचं नाव काढलं. 1884 नंतर कुणाला न दिसलेला हा पिंगळा 1997 मध्ये आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला, हे त्याला ठाऊक होतं. आमच्या तालुक्यात हे किती जणांना ठाऊक असेल? त्याला यायचंय बघायला. मी म्हटलं, ये, केळीच्या मळ्यात उतर, शेवभाजी खाऊ घालतो.

नाकुरूबद्दल कंपनीवर माझा राग आहे. त्यांच्या माहितीपत्रिकेवर किनारा गुलाबी करणाऱ्या लाखो रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) फोटो. प्रत्यक्षात तलावाचं पाणी गेली कित्येक वर्षं वाढत चाललंय, जुनं गेटसुद्धा पाण्याखाली गेलं. रोहित ज्या शेवाळावर जगतात ते खारट, क्षारयुक्त पाण्यात वाढतं. पाणी वाढून सौम्य झालं की खाणं घटतं आणि थवे दुसऱ्या तलावांकडे सरकतात. हे जगजाहीर आहे, मग फोटो जुना का? रोहित दिसले, पण लांबवर, विखुरलेले. पेलिकन मात्र भरपूर, आणि पांढरे गेंडे तर रस्त्याला लागून. गेंड्यासाठी नाकुरू झकास, रोहितांच्या आशेनं जाऊ नका.

हीच गत माराची. पत्रिकेवर नदीत उड्या टाकणारे विल्डबीस्ट, म्हणजे कळपांनी फिरणारी मोठी हरणं, आणि टूर फेब्रुवारीत! ते कळप मारात साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. फेब्रुवारीत तिकडे टांझानियातल्या दक्षिण सेरेंगेटीत त्यांची पिल्लं जन्मत असतात. अर्धा गट यावरून रुसला. आम्हाला मात्र फायदाच झाला. गाड्या कमी, गवतावर शांतता, आणि युरोप-आशियातून हिवाळ्याला आलेले पक्षी अजून तिथेच. प्रवेश फीसुद्धा जानेवारी ते जून परदेशी माणसाला दिवसाला 100 डॉलर, जुलैपासून डिसेंबरपर्यंत दुप्पट. सेक्रेटरी बर्ड इथेच पाहिला: लांब पायांनी गवत तुडवत फिरतो आणि सापाला लाथेनं मारतो. 2020 पासून तो संकटग्रस्त यादीत आहे. सिंहही दिसले, झोपलेले. रात्री मारात थंडी वाजते. मी शाल नेली होती, शालकानं माझीच पांघरली.

नैवाशाच्या होडीत एक गोष्ट खटकली. होडीवाला शिट्टी घालतो, मासा फेकतो, आणि फिश ईगल झडप घालतो. फोटो सगळ्यांना मिळतो. मी कॅमेरा खालीच ठेवला. त्यापेक्षा पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडांवर बसलेले पाणकावळे आणि खंड्ये मला जास्त भावले. तलावाकाठी युरोपला जाणाऱ्या गुलाबांची मैलोन्‌मैल पॉलिहाऊसं आहेत. माझ्यासारख्या शेतकऱ्यानं तिथे अर्धा तास मागितला असता तर काय बिघडलं असतं? कंपनीच्या वेळापत्रकात बसत नाही म्हणे.

जेवणाची चिंता नको. चपाती आणि दुधाचा चहा तिथे घरोघरी आहे. त्यांची चपाती पदर सुटणारी, जाडसर. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं समजा, त्याबरोबर पालेभाजी. शाकाहारी माणूस सुखात राहतो. ठेचा मात्र न्या. लॉजवाल्यांची 'स्पायसी' भाजी आपल्याकडे आजाऱ्याला चालेल.

पिवळ्या तापाची लस जाण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची. भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र लागतं. आम्ही मुंबईला जाऊन घेतली. व्हिसाऐवजी आता ऑनलाइन परवानगी काढायची असते. प्लॅस्टिकच्या पिशव्या केनियात बंद आहेत, अभयारण्यात तर पाण्याची एकदाच वापरायची बाटलीही चालत नाही. कंपनीनं हे सांगितलंच नाही आणि एका काकूंच्या सगळ्या पुड्या विमानतळावर सुटल्या. दुर्बीण प्रत्येकाला स्वतंत्र हवी, नवरा-बायकोत एक चालत नाही.

माझे गुण: गाईड दहापैकी दहा, गाडी आणि तंबू आठ, जेवण सात, कंपनी चार. डॉक्टर जोडपं आणि मी पुढच्या वेळी त्याच गाईडला थेट गाठून फक्त पक्षीवाल्यांची एक गाडी ठरवणार आहोत, सांबुरूला जास्त मुक्काम धरून. एक सीट अजून रिकामी आहे. शालकानं हात वर केलाय, पण त्यानं आधी दुर्बीण घ्यायचीय.