वाशिष्ठीत भिजलेला जनरल आणि चिपळूणचा बाइंडर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत होतं. खालच्या कपाटातली पुस्तकं गेली. त्यातच मुलाने अटलांटाहून पाठवलेलं जनरल जोसेफ व्हीलरचं जाडजूड इंग्रजी चरित्र. हा अमेरिकेच्या यादवी युद्धातला दक्षिणेचा घोडदळ सेनानी. बाकीचा लगदा टाकला, हे एक ठेवलं, कारण कुरिअरला पुस्तकापेक्षा जास्त पैसे पडले होते.

यंदा बाजारपेठेतल्या एका बाइंडरकडे नेलं. नाव लिहीत नाही, पुढे तक्रार आहे. पुस्तक हातात घेऊन तो म्हणाला, "काका, हे जुज सोडवून परत शिवायला लागेल. घाई करू नका." जुज म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा गठ्ठा. ३५० रुपये, आठ दिवस. आठाचे बावीस झाले. मधे गणपती होते, म्हणून बोललो नाही.

काम मात्र बघावं असं. चिकटलेली पानं न फाडता सुटी केली, चिखलाची साय ब्रशने झाडली. मैद्याच्या खळीत मोरचूद घातलाय, कसर लागायची नाही. दोऱ्याची शिलाई, पाठीला कापड, वर काळं रेक्झिन. पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं, हाताने धरावं लागत नाही.

घोळ झाला तो जुजांत. शेवटचे दोन जुज पहिल्या जुजानंतरच शिवलेत. त्यामुळे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८५९ साली बावीस जणांत एकोणिसावा आलेला पोरगा पान उलटताच एकसष्ट वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा, क्युबात स्पॅनिशांशी लढताना भेटतो. सैन्य अमेरिकेचंच, म्हणून दोन पानं माझ्या लक्षातही आलं नाही! घोडदळाचा सेनापती, पण बोटींवर जागा नव्हती म्हणून बहुतेक घोडे फ्लोरिडातच राहिलेले, स्वार पायी. लास ग्वासिमासला त्याच्या हाताखाली दहावी कॅव्हलरीही होती, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिक.

मधली एकोणचाळीस वर्षं मग उशिरा येतात. १८६१ त राजीनामा देऊन दक्षिणेकडे गेला, जॉर्जियातून निघालेल्या उत्तरेच्या सेनापती शर्मनच्या फौजेला सतावत राहिला, १८६५ च्या मे महिन्यात पकडला गेला. पुढे अलाबामातून प्रतिनिधिगृहात. पहिल्याच निवडणुकीचा निकाल वादात सापडून १८८२ त जागा गेली. प्रतिस्पर्धी त्याच वर्षी वारला आणि पोटनिवडणूक जिंकून हा परत हजर. ग्रामपंचायतीत शोभेल असं.

आणि एबेनेझर क्रीक. डिसेंबर १८६४. शर्मनच्या फौजेमागून गुलामीतून सुटलेली माणसं बायकापोरांसह चालली होती. फौज ओढ्यापार झाली आणि तिच्याच एका सेनापतीने तरता पूल काढून घेतला. मागून व्हीलरचे घोडेस्वार येत होते. माणसांनी त्या गार पाण्यात उड्या घेतल्या, कितीतरी बुडाली. काठावर सापडली त्यातली बरीच पुन्हा गुलामीत गेली. पूल काढणारा उत्तरेचा होता, तरी व्हीलर त्यातून सुटत नाही. चढतं पाणी बघितलेल्या माणसाला ते पान दुसऱ्यांदा वाचवत नाही.

सरळ क्रमाने वाचलं असतं तर क्युबा म्हणजे म्हाताऱ्याने केलेली भरपाई वाटली असती. त्याच्या देशाला तशी ती वाटली असावी, १९०६ त गेल्यावर आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा दिली. मला आधी क्युबा आणि मग तो ओढा वाचायला मिळाला. भरपाई काही दिसली नाही.

बाइंडरला सांगितलं तर तो खजील झाला. "पानांचे आकडे चिखलात गेलेले, काका. आणा, फुकट शिवून देतो." मी नको म्हटलं.

पाचपैकी चार. एक गुण जुजांचा कापला, उशीर माफ. पुढच्या आठवड्यात बायकोची पाककृतींची वही नेतोय. तिच्या प्रत्येक जुजावर शिसपेन्सिलीने आकडे घालून ठेवलेत, नाहीतर मोदकाच्या उकडीत कोलंबी यायची.