आरसी बोटीची बॅटरी: लिपो घ्यावी की २१७०० सेलचा पॅक? गंगापूरच्या पाण्यावरचा अनुभव

आधी माझी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी बोट सांगतो म्हणजे पुढचं सगळं समजेल. साधारण ६५ सेंटीमीटर लांब, डीप-व्ही हल (खाली व्ही आकाराचा सांगाडा), ब्रशलेस मोटर, ६० अँपिअरचा वॉटर-कूल्ड ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), आणि ३एस, म्हणजे तीन सेलच्या बॅटरीसाठी बनवलेली. आपल्याकडे नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला चालवतो, बोट क्लबच्या मोठ्या बोटी फिरतात तिकडे अजिबात नाही, त्यांच्यापासून लांब, शांत कोपरा बघून. तिथे बघायला थांबलेला माणूस पहिला प्रश्न "किती वेळ चालते?" हाच विचारतो आणि दुसरा "बॅटरी कोणती टाकली?" त्यामुळे म्हटलं एकदा बॅटरीबद्दल सविस्तर लिहूनच टाकू, कारण निकेलची, लिपो (लिथियम-पॉलिमर) आणि नाशकातच बनवून घेतलेला २१७०० सेलचा लिथियम-आयन पॅक अशा तिन्ही याच बोटीत वापरून झाल्यात.

आरसी कार वापरणाऱ्यांना एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. कार थ्रॉटल सोडल्यावरही घरंगळत जाते, उतारावर मोटरला आराम मिळतो. बोटीला उतार नसतो. प्रॉप (पाण्यातला पंखा) फिरतंय तोपर्यंत पाणी ढकलायचंच आहे आणि थ्रॉटल सोडला की बोट लगेच बसते, म्हणजे वेग पाहिजे तर करंट सतत वाहणार. म्हणून कारमध्ये दोन वर्षं मस्त चाललेली बॅटरी बोटीत एका सीझनमध्ये फुगते, बॅटरी तीच असते फक्त काम दुप्पट. त्यात ईएससी आणि मोटरला नळीतून पाणी फिरवून थंड ठेवतात पण बॅटरीला तसलं काहीच नाही, ती बंद हॅचखाली टेप लावलेल्या डब्यात बसलेली असते. एप्रिल-मे मध्ये नाशिकला पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा काळ्या रंगाच्या हलमध्ये आत काय होत असेल याचा विचार करा.

म्हणून बॅटरी घ्यायच्या आधी माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, आपली बोट खरोखर किती अँपिअर ओढते ते मोजा. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो, तो पीक अँपिअर लक्षात ठेवतो. घरी टेबलावर प्रॉप हवेत फिरवून मोजू नका, त्या आकड्याला काही अर्थ नाही, पाण्याचा भार पडल्याशिवाय खरा करंट दिसत नाही. मीटर हलमध्येच ठेवा, हॅच बंद करा, एक पूर्ण राउंड मारा, काठावर आणून बघा. माझी बोट फुल थ्रॉटलला ४५ अँपिअरच्या आसपास ओढते आणि सगळा रन धरला तर सरासरी २५ च्या आसपास. पुढची सगळी गणितं या दोन आकड्यांवरच आहेत, तुमचे आकडे वेगळे असतील तर निवडही वेगळी येईल.

आणि जलपर्णी! सोमेश्वर, आनंदवली या बाजूला गोदावरीत जलपर्णी असते तेव्हा तिथे बोट सोडूच नका असं मी म्हणेन. एक मूळ प्रॉपमध्ये अडकलं की मोटर जाम, करंट एकदम वर, आणि माणूस काठावरून अजून थ्रॉटल देत राहतो बोट सुटेल म्हणून. ईएससी जळतो नाहीतर बॅटरी भाजते. बोट अडकली की थ्रॉटल शून्यावर, मग आणायचं कसं ते बघा.

निकेलबद्दल थोडक्यात. सहा सेलचा ७.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक लहान ब्रश्ड मोटरच्या बोटीला उत्तम, आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हातात द्यायची बोट असेल तर मी डोळे झाकून हाच देईन, कारण थोडं जास्त डिस्चार्ज झालं, चार्जिंगला थोडं इकडेतिकडे झालं तरी लिपोसारखी आगीची भीती नाही. पण ब्रशलेस बोटीत दम नाही. भार पडला की व्होल्टेज पडतं, वजन जास्त, बोट प्लेनिंगवरच, म्हणजे पाण्यावर उचलून घसरायच्या वेगालाच येत नाही, नाक वर करून पाणी ढकलत बसते.

आता लिपो. ३एस म्हणजे तीन सेल, ११.१ व्होल्ट, पूर्ण चार्ज १२.६. मी ५००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, बॅटरीची साठवण) हार्ड केसवाली वापरतो, वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. थ्रॉटल दिला की जो धक्का बसतो ना तो लिपोचाच, यात दुसरं कोणी तिच्या जवळ येत नाही. सेलचा आतला रेझिस्टन्स कमी असल्यामुळे ४५ अँपिअरला सुद्धा व्होल्टेज फार खाली येत नाही. शर्यत लावायची, वळणातून बाहेर पडताना झपकन उचल पाहिजे, तर लिपो. यावर माझं दुमत नाही.

पण पॅकवर छापलेल्या सी रेटिंगवर, म्हणजे साठवणीच्या किती पट करंट पॅक देईल त्या आकड्यावर, पैसे घालवू नका. ५००० एमएएच आणि ५०सी म्हणजे हिशोबाने २५० अँपिअर होतात, तेवढा करंट त्या पॅकच्या वायरी तरी झेलतील का? मला पाहिजेत ४५, म्हणजे ५००० च्या पॅकला फक्त ९सी. खरोखरची २०सी असलेली बॅटरीसुद्धा १०० अँपिअर देईल, दुपटीपेक्षा जास्त. त्यामुळे १००सी छापलेल्या हलक्या पॅकपेक्षा कमी सी छापलेला पण वजनाला भरलेला पॅक घ्या. वजन खोटं बोलत नाही, त्याच एमएएचचा एक पॅक दुसऱ्यापेक्षा बराच हलका असेल तर आत माल कमी आहे. उलट २२०० एमएएचचा ड्रोनवाला छोटा पॅक काही जण बोटीत टाकतात, त्याला ४५ अँपिअर म्हणजे २०सी झाले, तो प्रत्येक रनला कढत बाहेर येणार आणि लवकर फुगणार.

लिपोची खरी अडचण वेळेची आहे. ५००० पैकी ८० टक्के वापरायचे, म्हणजे ४ अँपिअर-अवर, २५ च्या सरासरीने जेमतेम दहा मिनिटं. शहरातून धरणावर जायचं, सगळं काढायचं, लावायचं, आणि दहा मिनिटांत बोट काठावर. दोन-तीन पॅक घेऊन जावेच लागतात. शिवाय सेल ३.५ व्होल्टला आला की थांबायचं, तीनच्या खाली गेला की तो पॅक पूर्वीसारखा राहत नाही. आणि लिपो गरम असताना चार्जरला लावू नका, किमान अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्या. रननंतर हाताला चटका बसतोय म्हणजे ५०-६० अंशांच्या घरात गेली, बॅटरी लहान पडतेय किंवा प्रॉप मोठा आहे.

यातूनच २१७०० च्या पॅककडे वळलो आणि आता सांगतो, रमतगमत चालवणाऱ्यासाठी यासारखी गोष्ट नाही. २१७०० म्हणजे २१ मिलिमीटर व्यास आणि ७० लांबी, लॅपटॉपमधल्या १८६५० चा मोठा भाऊ. मी मॉलिसेल पी४२ए घेतले, ४२०० एमएएच, कंपनी एका सेलला ४५ अँपिअर सांगते, वजन साधारण ७० ग्रॅम. असे सहा सेल, तीन सिरीजमध्ये आणि प्रत्येकी दोन पॅरलल, ज्याला ३एस२पी म्हणतात. एकूण ८४०० एमएएच, वजन ४२० ग्रॅम अधिक सेल जोडणाऱ्या पट्ट्या-वायर. बघा ना, लिपोइतक्याच वजनात दीडपटीपेक्षा जास्त ऊर्जा. माझ्या ४५ अँपिअरमध्ये एका सेलच्या वाट्याला साडेबावीस येतात, सेलची निम्मीच ताकद वापरली जाते. एका पॅकवर सोळा-सतरा मिनिटं आरामात. उचल लिपोपेक्षा थोडी कमी, फुल थ्रॉटलला व्होल्टेज जरा जास्त पडतं आणि टॉप स्पीडमध्ये तो फरक कळतो, पण मजा दीडपट जास्त वेळ.

सेल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. १८६५० सेलवर ९८०० एमएएच छापलेले बाजारात सर्रास मिळतात. त्या आकाराचा चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपास असतो, त्याच्या पुढे तिप्पट आकडा छापलाय म्हणजे काय ते समजून घ्या. तराजूवर ठेवा, अस्सल १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, खोटा कितीतरी हलका. चांगले सेल मी पुण्याच्या ऑनलाइन दुकानातून मागवतो, लिथियम-आयन बॅटऱ्या सुट्या माल म्हणून प्रवासी विमानाने न्यायला २०१६ पासून बंदी आहे पण पुणे-नाशिक रस्त्याने पार्सल येतं त्यामुळे आपल्याला काही अडचण नाही.

पॅक बनवून घेतला अंबडच्या बाजूला, ई-स्कूटर आणि ई-रिक्षाचे पॅक रिपेअर करणाऱ्या एका दादांकडे. माणूस मनापासून काम करणारा. मी सेल ठेवल्यावर त्यांनी प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि रेझिस्टन्स मोजून जोड्या लावल्या, मग विचारलं, "भाऊ, करंट किती?" ४५ म्हटल्यावर म्हणाले, "मग स्कूटरवाली पातळ पट्टी नाही चालणार, ती तापून लाल होईल." शुद्ध निकेलची पट्टी घेतली आणि सिरीजच्या जोडांवर निकेलला आधीच जाड तांब्याची वायर सोल्डर करून मग सेलवर स्पॉट वेल्डिंग केलं. सेलवर थेट सोल्डरिंग करणाऱ्याकडे कधीही जाऊ नका, त्या उष्णतेने सेल आतून खराब होतो.

पट्टीचा मुद्दा बोटवाल्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. स्वस्तातल्या पट्ट्या लोखंडाच्या असतात, वरून निकेलचं पाणी दिलेलं. रेझिस्टन्स जास्त आणि ओलाव्यात गंजतात, आणि बोटीत ओलावा असणारच. चुंबकाने कळत नाही कारण निकेललाही चुंबक चिकटतो. पट्टीचा तुकडा कानशीने घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी तांबूस गंज दिसला तर परत करा.

दुसरा मुद्दा बीएमएसचा, म्हणजे पॅकला जपणाऱ्या सर्किटचा. स्कूटरच्या पॅकमध्ये बीएमएस लागतोच, पण बोटीत करंटच्या वाटेत बीएमएस टाकला की भार वाढल्यावर तो एकदम सप्लाय तोडतो, मोटर बंद, आणि रिसीव्हरला पॉवर ईएससीकडूनच येत असल्यामुळे तोही बंद, बोट धरणाच्या मध्यात मेलेली. त्यापेक्षा ईएससीचा लो-व्होल्टेज कटऑफ वापरा, तो आधी वेग कमी करतो आणि रिसीव्हर चालू ठेवतो म्हणजे बोट हळूहळू काठाला आणता येते. पॅकला बॅलन्स वायर (प्रत्येक सेल वेगळा मोजता येईल अशी बारीक वायर) मात्र हवीच आणि चार्जिंग बॅलन्स चार्जरनेच करायचं, ४.२ व्होल्ट प्रति सेल, लिपोसारखंच. या दादांची एकच गोष्ट खटकली, बॅलन्स वायर इतक्या आखूड ठेवल्या की हलमधून पॅक काढल्याशिवाय सेल चेकर लागत नाही. वायर लांब ठेवायला आधीच सांगा.

बॅटरी ठेवायची कुठे हेसुद्धा निवडीचाच भाग आहे कारण बोटीतली सगळ्यात जड वस्तू तीच. डीप-व्ही हलला बॅलन्स पॉइंट मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर धरून सुरुवात करा. बॅटरी फार मागे गेली तर नाक उचलून बोट हवेत उलटते, फार पुढे गेली तर नाक पाणी कापत राहतं आणि वेग जातो. सेलचा पॅक बनवून घेताना याचा फायदा असा की आकार आपल्या हातात असतो, मी सहा सेल लांबट बनवून घेतले त्यामुळे पॅक तळाशी खाली बसतो आणि बोट वळणात स्थिर राहते. वेल्क्रोची जाड पट्टी लावा, बोट उलटली तरी बॅटरी जागची हलता कामा नये.

कनेक्टर एक्सटी६० माझ्या करंटला पुरतो, ६० च्या जवळ जाणाऱ्यांनी एक्सटी९० घ्यावा. आपलं पाणी गोडं, समुद्रासारखं कनेक्टर खात नाही, तरी घरी आल्यावर हॅच उघडी ठेवून सगळं वाळवायचंच.

थंडीत एक फरक जाणवेल. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बोट सुस्त वाटते, बॅटरी खराब नसते, गारठ्याने रेझिस्टन्स वाढलेला असतो. पॅक कपड्यात गुंडाळून बॅगेत ठेवा, पहिली दोन मिनिटं हळू चालवा. आणि पावसाळ्यात धरणातून पाणी सुटलं, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या (या मूर्तीवरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात) कमरेला पाणी लागलं की बोट कपाटातच असते, तेव्हा बॅटऱ्या फुल चार्ज ठेवू नका, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. लिपो पत्र्याच्या पेटीत. फुगलेली लिपो "अजून एकदा चालवू" म्हणून वापरू नका, घंटागाडीतही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

शेवटचा प्रश्न जो सगळे विचारतात, ४एस टाकू का? ईएससी ४एस चालतो असं लिहिलेलं असतं म्हणून लोक तोच प्रॉप ठेवून ४एस लावतात. व्होल्टेज एक-तृतीयांशाने वाढतं, पण त्याच प्रॉपला पाण्यात लागणारी पॉवर फेऱ्यांच्या घनाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे जवळपास २.४ पट आणि करंट साधारण १.८ पट. माझ्या बोटीत ४५ चे ८० होतील, ईएससी ६० चा. आधी प्रॉप लहान करा, थोड्या थ्रॉटलवर छोटासा रन मारा, मीटर बघा, आणि आकडा ५० च्या आत असेल तरच फुल थ्रॉटल द्या.